गॅस कुणाला, गाळ कुणाला?

पुरस्कर्ता : कोंबडखताला आपण घाण म्हणतो, शेडच्या मागे टाकतो आणि मग वासावरून, माश्यांवरून गावाशी वाद घालत बसतो. त्या ढिगात इंधन आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. हिशेब मांडून दाखवतो. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे दहा हजार कोंबड्यांची रोजची एक टन. किलोभर शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो; तेवढ्याच ताज्या कोंबडीविष्ठेतून ६० लिटरच्या आसपास. गाईच्या पोटात चाऱ्याचं बरंचसं पचन उरकलेलं असतं, कोंबडीच्या आतड्यातून मात्र खाद्याचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो, म्हणून हा फरक. तर एक टनामागे रोज ६० घनमीटर गॅस झाला. एक घनमीटर गॅस म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम एलपीजी. हिशेब २७ किलोवर येतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन घरगुती सिलिंडर. ब्रॉयलरची पिल्लं शेडमध्ये आली की पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंशांची ऊब द्यावी लागते. त्यासाठी आज शेतकरी सिलिंडर आणतो, कोळसा जाळतो, विजेचं बिल भरतो. ती ऊब त्याच्याच शेडच्या मागे पडलेली आहे. आणि हे तंत्र आपल्याला नवं नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले गेले. खादी आयोगाने १९६२ पासून गोबरगॅसचा तरंगत्या ड्रमचा नमुना देशभर नेला. देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयांना गॅसची टाकी जोडून दाखवली. शेण चालतं, मैला चालतो, मग कोंबडीनेच काय घोडं मारलंय?

साशंक : तुमचा हिशेब चुकीचा नाही, पण तो दुसऱ्याच शेडचा आहे. तमिळनाडूतल्या नामक्कलला कोंबडखतावर वीज तयार झाली, हे मला माहीत आहे. तिथे एका जिल्ह्यात अंड्यावरच्या अफाट कोंबड्या पिंजऱ्यात आहेत, विष्ठा खाली पडते, रोज ताजी आणि ओली मिळते. आपल्याकडे, महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत, विचार करायचा तो मुख्यतः करारावरच्या ब्रॉयलर शेडचा. तिथे पक्षी तुसाच्या गादीवर वाढतात. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी बॅच उचलली की गादी एकदम निघते. ती विष्ठा नसते. तूस, सांडलेलं खाद्य, पिसं आणि वाळलेली विष्ठा यांचं मिश्रण असतं. भाताच्या तुसात वाळूसारखी सिलिका असते आणि लाकडासारखं लिग्निन. टाकीतले जीवाणू त्याला तोंड लावत नाहीत. ते तूस नुसतं वर तरंगतं आणि साय धरतं. शिवाय टाकीला रोज थोडं थोडं खायला लागतं, आणि तुमच्याकडे माल येतो दीड महिन्यातून एकदा. श्रावणात चिकनचा खप पडला, कंपनीने पिल्लं दिली नाहीत, शेड महिनाभर रिकामी राहिली, तर जीवाणूंना काय घालणार?

पुरस्कर्ता : माल साठवता येतो. कोरडं कोंबडखत छपराखाली महिनोन् महिने टिकतं, रोज मोजून टाकीत घालता येतं. उलट शेण साठवणं अवघड. तुसाचं म्हणाल, तर जाड तूस चाळून काढता येतं, गादीसाठी दुसरं काही वापरता येतं. या अडचणी कामाच्या आहेत, तत्त्वाच्या नाहीत.

साशंक : मग तत्त्वाच्या अडचणीकडे वळतो. कोंबडी लघवी वेगळी करत नाही. तिचं मूत्र युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेवरच पांढरं बसतं. त्यामुळे कोंबडीविष्ठेत नत्र फार. जीवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ला १ या प्रमाणात मानवतं; शेण त्याच्या जवळपास असतं; कोंबडीविष्ठेत ते दहाला एकच्याही खाली उतरतं. टाकीत हे जास्तीचं नत्र अमोनिया होतं. लिटरमागे तीन हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं की मिथेन करणारे जीवाणू गुदमरू लागतात. आम्लं करणारे दुसरे जीवाणू मात्र काम चालू ठेवतात. मग टाकी आंबते, गॅस कमी होतो आणि ज्योत धरत नाही. हे टाळायचा सरधोपट उपाय पाणी. आता तुमच्यासारखाच मीही हिशेब मांडतो. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचची गादी सहा टन धरा. पंचेचाळीस दिवसांवर वाटली तर रोज सव्वाशे-दीडशे किलो. त्यात तीन भाग कोरडा पदार्थ, एक भाग ओल. टाकीत कोरडा पदार्थ दहा टक्क्यांवर ठेवायचा तर किलोमागे साडेसहा लिटर पाणी घालावं लागतं. म्हणजे रोज साडेआठशे लिटरच्या वर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. एका शेडची टाकी पंधरा-सोळा माणसांचं पाणी पिते. आणि हे कुठे? जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते तिथे.

पुरस्कर्ता : पाण्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण टाकीला पिण्याचं पाणी लागत नाही. शेड धुतलेलं पाणी, गोठ्यातलं मूत, छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी चालतं. त्याहून चांगलं म्हणजे टाकीतून बाहेर पडणारी स्लरी गाळायची आणि तिचंच पाणी पुन्हा आत घ्यायचं. पहिल्यांदा भरलं की रोजची गरज निम्म्याहून खाली येईल.

साशंक : आणि त्या पाण्याबरोबर अमोनियाही पुन्हा आत येईल. प्रत्येक फेरीला थोडा वाढलेला. हाच कोंबडखताचा खरा पेच आहे. पाणी वाचवायला जाल तर अमोनिया वाढतो, अमोनिया आवरायला जाल तर पाणी जातं. शेणाच्या टाकीला हा पेच पडत नाही, म्हणून शेणाचा अनुभव इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

पुरस्कर्ता : पेच आहे, पण सुटणारा आहे. कर्ब जास्त असलेला माल मिसळायचा. भाताचा पेंढा, गवत, मुंबई-गोवा महामार्गावरच्या हॉटेलांचं उरलंसुरलं अन्न. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्व्यांनी दाखवून दिलं की पिठूळ, गोड पदार्थांतून शेणापेक्षा कितीतरी लवकर गॅस निघतो. त्या कामाला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. हॉटेलचं ओलं अन्न पाणीही आणतं आणि कर्बही. शिवाय जीवाणूंना सवय लावता येते. महिनोन् महिने हळूहळू मात्रा वाढवली तर ते जास्त अमोनियातही तग धरतात. आणि आपल्या कोकणची हवा हा मोठा फायदा आहे. थंड प्रदेशात टाकी तापवण्यात निम्मा गॅस खर्ची पडू शकतो. इथे वर्षातला बराच काळ टाकी आपोआप ऊबदार राहते.

साशंक : पेंढा आपल्याकडे फुकट पडलेला नाही, तो गुरांचा चारा आहे. पाला, गवत, शेणी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, लागतात. हॉटेलचं अन्न मात्र मान्य करतो, ती सूचना कामाची आहे. पण तिने प्रश्नाचं रूप बदललं, हे लक्षात घ्या. आता ही एका शेतकऱ्याची टाकी राहिली नाही. दहा शेडांचं खत, वीस हॉटेलांचं अन्न, त्यासाठी गाडी, माणूस, रोजचं मोजमाप, आंबटपणाची तपासणी. हा सामाईक कारखाना झाला. एकच गाडी दहा शेडांत फिरली की एका शेडचा रोग दहा शेडांत जातो. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारून पुरावे लागले होते. आणि कारखाना म्हटला की त्याचं बाहेर काय पडतं, हा प्रश्न येतो. सावित्री नदीकाठच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. महाडच्या एमआयडीसीलाही सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, आणि नदीच्या प्रदूषणाची तक्रारही आहे.

पुरस्कर्ता : रासायनिक कारखान्याचं सांडपाणी आणि स्लरी यांना एका तागडीत घालू नका. स्लरी खत आहे. टाकीत कर्ब गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश जागेवर राहतात. उलट नत्राचा मोठा भाग पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात येतो. ताजं कोंबडखत रोपांना जाळतं, पचलेली स्लरी पातळ करून दिली तर जाळत नाही. तणाचं बरंचसं बी आणि बरेचसे रोगजंतू टाकीत मरतात. युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

साशंक : खत केव्हा खत असतं? पिकाला हवं तेव्हा, हवं तेवढं मिळालं तर. टाकीत जेवढं घालाल तेवढंच जवळपास बाहेर येतं, रोज, बारा महिने. जून ते सप्टेंबर आपली खाचरं भरलेली असतात. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, तिथून ओहोळात आणि ओहोळातून सावित्रीत जातं. त्या दिवसांत स्लरी शेतात सोडली तर तिच्यातलं विरघळलेलं नत्र पिकाला मिळणार की खालच्या वाडीच्या विहिरीला? पावसाळा संपल्यावर आपला शेतकरी वाल पेरतो. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्याला तुमच्या नत्राची फारशी गरज नाही. चार महिन्यांची स्लरी साठवायची तर एका शेडला लाखभर लिटरचा झाकलेला हौद लागतो. तो बांधायचा कुठे? सावित्री, गांधारी आणि काळ नदीच्या जवळच्या सखल भागात पूर येतो. २२ जुलै २०२१ ला महाडच्या घराघरात पाणी शिरलं. वर उतारावर बांधायचा तर त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून काय झालं ते आपण विसरलेलो नाही. पाण्याने भरलेला शंभरेक टनांचा भार पावसाळ्यात डोंगराच्या कुशीत कुठे ठेवावा, याचं उत्तर कुठल्याही योजनेच्या छापील नकाशात नसतं.

पुरस्कर्ता : तुमचं सगळं खरं मानलं तरी एक प्रश्न तुमच्यासाठीही उरतो. टाकी बांधली नाही तर ते खत जातं कुठे? आज ते शेडच्या मागे उघड्यावर पडतं. जूनचा पहिला पाऊस त्यातलंच नत्र, त्यातलेच जंतू धुऊन त्याच विहिरीत नेतो. टाकी न बांधणं हाही निर्णयच आहे आणि त्याची किंमतही खालचीच वाडी देते. तुम्ही माझ्या टाकीला जी कसोटी लावता ती आजच्या ढिगालाही लावा.

साशंक : ही बाजू मला मान्य आहे, ढिगाची बाजू मी घेत नाही. पण ढिगाला दुसरा उपाय आहे. वर छप्पर, खाली कोबा, अधूनमधून उलथापालथ. चांगलं कंपोस्ट होतं, त्याला पाणीही थोडं लागतं. आणखी एक गोष्ट, जी टाकीवाले सहसा बोलत नाहीत. कोरड्या गादीच्या ढिगातून मिथेन फार थोडा निघतो, कारण तिथे हवा खेळती असते. टाकीत आपण मुद्दाम मिथेन तयार करतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. घुमटाला चीर गेली, पाइपचा सांधा सुटला, स्लरीचा हौद उघडा राहिला, तर जो वायू नव्हताच तो आपण हवेत सोडू. शेणाच्या ओल्या उकिरड्याबाबत टाकी हवामानाचं भलं करते, असं बेधडक म्हणता येतं. कोरड्या कोंबडखताबाबत ते टाकीच्या देखभालीवर ठरतं.

पुरस्कर्ता : कंपोस्टच्या ढिगातून नत्र अमोनिया होऊन उडून जातं, तेही मोजा. आणि कंपोस्टवर पिल्लांना ऊब मिळत नाही, चूल पेटत नाही. पण देखभालीचा मुद्दा मी उचलून धरतो. बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्या मीही पाहिल्या आहेत. त्या तंत्राने हरल्या नाहीत, माणसाअभावी हरल्या. अनुदान बांधण्यासाठी मिळालं, चालवण्यासाठी नाही. म्हणूनच मी म्हणतो, सामाईक प्रकल्प हवा, पगारी माणूस हवा.

साशंक : आता तुम्ही माझ्या खऱ्या शंकेवर आलात. पगारी माणूस कोण? कोंबडीच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा असतो, चुन्याची कणी असते. ती विष्ठेतून टाकीत येते आणि तळाशी बसते. वाळू, पिसं, तूस त्यात मिसळतं. काही वर्षांनी टाकी निम्मी गाळाने भरते आणि कुणालातरी आत उतरावं लागतं. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, जो थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास देतो आणि जास्त झाला की नाकच बधिर करतो. माणसाला कळायच्या आत तो पडतो. २०१३ चा कायदा गटारं आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईला बंदी घालतो. कोंबडखताच्या टाकीचं नाव त्यात नाही. आत कोण उतरणार, हे कुठल्याही प्रकल्प अहवालात लिहिलेलं नसतं आणि गावात ते न लिहिता ठरलेलं असतं. आपण महाडबद्दल बोलतो आहोत. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे अस्पृश्य मानले गेलेले लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि तळं शुद्ध झालं म्हणून जाहीर केलं. ज्या गावात शेणाने पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीने बाटतं असं मानलं गेलं, तिथे घाणीचा कारखाना काढताना हाताचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

पुरस्कर्ता : हा प्रश्न विचारल्याबद्दल मी तुमचा ऋणीच आहे. पण मी त्याच इतिहासातून वेगळं ऐकतो. मैला हातांनी वाहणाऱ्या माणसाची त्यातून सुटका कशी होईल, या ध्यासाने कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास आणि खताचे प्रयोग केले. देहूच्या कामामागेही तीच प्रेरणा होती. घाण बंद टाकीत जावी, तिला हात लागू नये आणि तिचं धन व्हावं. तंत्र माणसाला मोकळं करू शकतं. टाकीला तळाशी उतार द्या, गाळ बाहेरून पंपाने काढता येईल असा नळ द्या, आधी वाळूचा सापळा ठेवा. कुणी आत उतरायचं नाही, ही अट आराखड्यातच घाला. आत उतरावं लागेल अशी टाकी मंजूरच करायची नाही.

साशंक : अट घालणं सोपं आहे, हे महाडला सांगू नका. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी १९२७ पर्यंत अस्पृश्यांना पाणी घेता आलं नाही. लोक तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर मार खाऊन परतले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कागदावरची अट आणि ओंजळीतलं पाणी यांच्यामध्ये इथे चौदा वर्षं गेली आहेत.

पुरस्कर्ता : खरं आहे. पण तो ठराव नसता तर सत्याग्रहाला कशाचा आधार होता? जे कागदावर दिलं गेलं होतं तेच लोक मागायला गेले. अट एकटी पुरत नाही, पण अटीशिवाय हक्कच मागता येत नाही. म्हणून मी अटी लिहीन. पाणी पिण्याच्या साठ्यातून घ्यायचं नाही. पावसाळ्यात स्लरी सोडायची नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही. आणि खर्च कंपनीनेही उचलायचा. करारात पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, वाढलेला पक्षी कंपनीचा; विष्ठा तेवढी शेतकऱ्याची, हे कसं चालेल? ज्याच्या खाद्यातून नत्र आलं, त्याच्या खर्चाने ते आवरलं जावं.

साशंक : यातल्या प्रत्येक अटीवर मी सही करीन. आता फक्त एकच विचारतो. अट मोडली तर टाकी बंद करण्याचा अधिकार कुणाचा? कंपनीचा, शेतकऱ्यांच्या संघाचा, प्रदूषण मंडळाचा? की ज्या वाडीच्या विहिरीत पाणी उतरणार आहे, त्या वाडीच्या ग्रामसभेचा?

पुरस्कर्ता : व्यवस्थापनात वाडीचा माणूस असावा, हे मी नक्की मान्य करतो.

साशंक : समितीत जागा नको, बंद करण्याचा अधिकार हवा. विहिरीच्या पाण्याचा नमुना वाईट आला, त्या दिवशी आवक थांबवण्याचा.

पुरस्कर्ता : तसं केलं तर प्रकल्प उभाच राहणार नाही. कुठली बँक अशा कारखान्याला कर्ज देईल, जो एका वाडीच्या ठरावाने उद्या थांबू शकतो? जीवाणूंना आठवडाभर उपाशी ठेवलं तर टाकी पूर्ववत व्हायला महिने लागतात. शेडांची पिल्लं थंडीत राहतील ती वेगळीच. आणि प्रकल्प उभा राहिला नाही, की ते खत पुन्हा उघड्यावर, पावसात.

साशंक : म्हणजे आपण जिथे पोचायचं तिथे पोचलो. गॅस निघेल का, यावर आता आपला वाद नाही, निघेल. अमोनिया, तूस, गाळ यांवर उपाय आहेत, हे मी तुमच्याकडून घेतलं. पाणी आणि हात हे हिशेबाच्या पहिल्या ओळीत हवेत, हे तुम्ही माझ्याकडून घेतलंत. वाद उरला तो एकाच जागी. कर्जाची हमी देण्यासाठी कारखाना न थांबणारा असावा लागतो, आणि पाण्याची हमी देण्यासाठी तो खालच्या वाडीला थांबवता यावा लागतो. तुम्ही म्हणता, आधी उभा करू, मग सुधारू. मी म्हणतो, थांबवण्याचा अधिकार आधी द्या, मग उभा करा.

पुरस्कर्ता : आणि तुमच्या ‘आधी’ला किती पावसाळे लागतील, हे तुम्ही सांगू शकत नाही. दर पावसाळ्यात ढीग वाहतोच आहे.

साशंक : नाही सांगू शकत. तुमच्या ‘मग’ला किती लागतील, ते तुम्ही सांगा.